चौथ्या मजल्याचं दार

शोभनाबाई दूध आणायला निघाल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि डिसेंबरातला उजेड विझत आला होता. बॉस्टनपासून तासाभरावरचं ते जुनं गिरणगाव. तिथल्या एका कापडगिरणीचे आता फ्लॅट केले होते, आणि त्यांची लेक इशिता दुसऱ्या मजल्यावर राहायची. चौथ्या मजल्याचं काम अर्धवट पडलेलं. तिथे वस्ती नव्हती.

गाव त्यांना लेकीकडे आल्या दिवसापासून ओळखीचं वाटत होतं. विटांची चिमणी, घड्याळाचा मनोरा; नवं एवढंच, कोपऱ्यावर कपडे धुवायचं लाँड्रोमॅट, पुढे डोनटचं दुकान. कालव्याच्या काठाला कामगारांची एकाला एक चिकटलेली घरं, दारंखिडक्यांना फळ्या ठोकलेली. स्वतः शोभनाबाईंनी सोलापूरच्या गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, एकवीस वर्षं काढली होती.

दूध घेऊन परतताना कालव्याच्या पुलावर त्यांनी सहज वर पाहिलं आणि त्यांचा पाय थबकला.

चौथ्या मजल्याच्या काचांमागे हात होते. चेहरे दिसत नव्हते, नुसते हात. बायकांचे. आणि ते हात बोलत होते.

यंत्रांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतल्या बायका हातांनी बोलतात. शोभनाबाईंना वाचायला वेळ लागला नाही. दार... बाहेरून बंद. मग तेच पुन्हा. दार... बाहेरून बंद.

त्या जिन्यानं चढल्या. तिसऱ्या मजल्यानंतर दिवे नव्हते. आधी तेलाचा वास आला, मग जळक्या कापसाचा. तो घशात बसला की दोन दिवस जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वर लोखंडी दार होतं, त्यावर आडवा अडसर. आतून थापा पडत होत्या. दारापुढे काळ्या कोटातला एक माणूस उभा होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं तळहात पुढे केला. मागे हो.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या हाताची तऱ्हा, गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळदा पाहिली होती.

"असले जॉबर मी चार बघितलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सरक."

तो सरकला नाही. त्याच्या अंगातून आरपार हात घालून त्यांनी अडसर धरला. माणूस बर्फासारखा गार, लोखंड निखाऱ्यासारखं. हातांची कातडी चरचरली. त्यांनी सोडलं नाही. दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा अडसर निघाला.

दार उघडलं आणि अंगावरून गरम वाफ गेली. घागऱ्यांची सळसळ, धावत्या पावलांचा धडधडाट, कुणाचा तरी हात निसटता त्यांच्या खांद्यावर टेकला... मग जिना शांत झाला. तो माणूसही तिथे नव्हता.

इशिता घरी आली तेव्हा आई नळाखाली हात धरून बसली होती.

"आई, हे काय? गॅसवर भाजलं का?"

"चौथ्या मजल्याचं दार उघडलं मी."

इशितानं नळ बंद केला. "तिथे दारच नाहीये, आई. विटांची भिंत आहे. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हाच तिच्याबद्दल विचारलं होतं. शंभर वर्षांपूर्वी आगीत बायका अडकल्या होत्या, मग बुजवून टाकलं. यार, तू परत वर जाऊ नकोस, प्लीज."

"जाणार नाही. आता तिथे कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, हातांना पट्ट्या बांधून शोभनाबाई पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. वर नाही, तरी पुलापर्यंत त्या जाणार हे इशितालाही कळलं होतं. कालव्याकाठच्या ओसाड घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. प्रत्येक घरातून. फळ्यांच्या फटींत पिवळा उजेड होता. कोंडलेल्या बायका घरी पोचल्या होत्या. शोभनाबाईंचे डोळे भरून आले.

शेवटच्या घराचं दार तेवढं उघडं होतं. उंबऱ्यात एक बाई उभी होती. तिनं हात वर केला, घाईघाईनं अंगठा खांद्यामागे नेला, मग दोन बोटं डोळ्यांखाली लावली.

जगातल्या कुठल्याही गिरणीत त्या खुणेचा अर्थ एकच असतो. तुझ्या मागे जॉबर आलाय.

मानेला गार वारा लागला. पाठीमागे किल्ल्या वाजल्या.

शोभनाबाईंनी पदर खोचला, पट्ट्यांमधल्या मुठी आवळल्या, आणि त्या वळल्या.