डोहावरचं माप

उर्वशीला दीपाचा हेवा वाटायचा, आणि तिनं तो स्वतःपासून कधी लपवलाही नव्हता. काम दोघींचं एकच. बाभुळगावजवळ बेंबळा नदीत जाळं टाकायचं, माशांची लांबी मोजायची, पराचा कोपरा कापून खूण करायची आणि मासा सोडून द्यायचा. पुन्हा सापडला की ओळखू येतो. पण दीपाच्या वाट्याला डोह आला होता आणि हिच्या वाट्याला गुडघाभर पाणी. दीपाचे रोहू हातात मावत नव्हते, हिच्या मासोळ्या बोटाएवढ्या. त्यात पुढच्या वर्षी दोघींतली एकच कामावर राहणार, असं प्रकल्पाचे सर सांगून बसलेले. जळफळाट होणार नाही तर काय!

दीपा तापानं फणफणली, तेव्हा उर्वशीनं डोहाचं काम स्वतःहून मागून घेतलं. दीपाचा लगेच फोन आला.

“जाय, पण तिथं माप मोठ्यानं बोलू नको वं…”

“काहून?”

“मी नाही बोलत. तूही बोलू नको…”

मोठ्या माशांची युक्ती लपवून राह्यली, दुसरं काय! उर्वशीनं फोन कापला.

दिवस कलताना डोहावरचा वारा पडला. शेवाळाचा कुबट वास दाटला. पहिलाच रोहू असा आला, की तिला हसू आवरेना. पट्टी लावलेल्या फळीवर तो आडवा करून तिनं फोटो काढला, सरांना पाठवला आणि मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणाली, “बासष्ट सेंटिमीटर!”

“बासष्ट…” पाण्याकडून कुणीतरी हळूच म्हणालं.

आवाज घुमला असेल. तिनं पर कापला, मासा सोडला. दुसरा घेतला.

“अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्न…” या वेळी अगदी पायाशी.

तिसरा मासा तिनं ओठ घट्ट मिटून फळीवर ठेवला. तरीही कानाजवळ कुणीतरी म्हणालं,

“एकशे चोपन्न…”

ती उर्वशीची उंची होती. कानाच्या पाळीला काहीतरी गार लागलं. जाळं, फळी तिथंच टाकून ती पळत सुटली.

खोलीवर येऊन तिनं आरशात पाहिलं. डाव्या पाळीचा कोपरा तिरपा कापलेला होता. रक्त नाही, दुखणं नाही.

फोन वाजला. सरांचा मेसेज होता. ‘शाब्बास! पुढच्या वर्षी तूच. आणि यापुढे डोहही तुझाच. दीपानं आनंदानं सोडलाय.’

हेच तर हवं होतं तिला. खुणेवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.