पिवळ्या वाळूच्या कोठारात

"हीच! आपल्या मैदानावर टाकलीय ती हीच वाळू!" ताईचा मित्र चष्मा ओरडला.

"हळू!" ताईने दटावलं. तेवढ्यात बाहेरून कारखान्याच्या सुपरवायझरने कोठाराचं शटर खाली ओढलं आणि कुलूप ठोकलं. आत कोणी आहे का, हे बघायची तसदी कोण घेणार!

तिघांनी शटर बडवून हात लाल केले. शेजारच्या यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार?

"इथे काम करणारी आपली आत्या सांगते ना, हिच्यातून चुंबकांसाठी दुर्मिळ धातू काढतात," ताई म्हणाली. "पण हिच्यात किरणोत्सार असतो. ही उघड्यावर टाकायचीच नाही! आणि सुपरवायझरसाहेबांनी मैदान सपाट करायला हीच पाठवली!"

"आणि आपण हिच्याचबरोबर कोंडले गेलो! झकास!" चष्मा म्हणाला.

"ताई, माझे पाय!"

तिचा धाकटा भाऊ बटण वरच्या झरोक्यातून हाक मारायला ढिगावर चढला होता. त्याच वेळी ढिगाखालचा, वाळू वाहून नेणारा पट्टा सुरू झाला. तळाच्या भोकातून वाळू सुटली, ढिगाच्या मधोमध खड्डा पडला आणि बटण गुडघ्यापर्यंत रुतला. चष्मा धावला.

"थांब! तूही आत जाशील!" ताईने त्याला मागे खेचलं. ती काठावर पालथी पडली आणि तिने बटणचे हात धरले. तो काही केल्या वर येईना. वाळू कमरेला लागली. ताईला रडू फुटलं.

"हा पट्टा आत्याच्या यंत्राकडेच जातो ना?" चष्मा म्हणाला.

"हो... आणि आधी मोठं चुंबक आहे! त्याला लोखंड चिकटलं की आत्या पट्टा बंद करते!"

दोघांनी एकदमच बटणच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिथे पत्र्याची डबी होती.

"हिच्यात माझ्या गोट्या आहेत!"

"बटण!!"

त्याने डोळे मिटून डबी खड्ड्यात टाकली. वाळूने ती गिळली. वाळू छातीपर्यंत आली. ताईची बोटं सुटत चालली होती.

आणि पट्ट्याची घरघर थांबली!

चुंबकाला चिकटलेल्या डबीवर आत्याला बदक दिसलं. ते तिनेच बटणसाठी खिळ्याने कोरलं होतं. ती सुपरवायझरकडून किल्ल्या हिसकावून धावत आली. कामगारांनी फळ्या टाकून बटणला उपसून काढलं. आत्याने आधी तिघांना कुशीत घेतलं, मग तिघांचेही कान पिळले.

गोंधळ ऐकून कारखान्याचे मोठे साहेबही आले; मैदानाची गोष्ट ऐकून ते सुपरवायझरकडे वळले. "कोठार बंद करताना बघितलं नाही, वाळू पाठवताना बघितलं नाही. बघता तरी काय तुम्ही?" मग ते मुलांना म्हणाले, "शाबास! मैदान आजच खरवडून काढतो!"

संध्याकाळी आत्याने बटणला डबी परत दिली. गोट्या एकूण एक आत होत्या. झाकणावर मात्र आता तीन बदकं होती.