दोन नंबरचा रिमोट

बसा. या दोन सेटमधला फरक कळल्याशिवाय तुम्ही हलणार नाही, ते दिसतंच आहे. जुन्या व्हिडिओ गेमचा नाद लागलेली माणसं अशीच असतात. मीही त्यातलाच.

हा पाहा, पहिला. बटणं चौकोनी, रबराची. दोन्ही रिमोट सेटलाच जोडलेले. एक नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटण आहे, दोन नंबरच्याला नाही. त्याला माईक दिलाय. माईकमध्ये बोललं की आपलाच आवाज टीव्हीतून येतो. पुढच्या सेटची बटणं गोल झाली आणि माईकच्या जागी नुसती भोकं राहिली. आत काहीच नाही. लांबून मात्र दोन्ही सेट सारखेच लाल-पांढरे, म्हणून तर माणूस फसतो.

हा चौकोनी बटणांचा सेट भिसेगावातला. कुंभिवलीच्या कारखान्यात माझ्याबरोबर प्रवीण नावाचा एकजण होता, त्याच्या घरचा. त्याच्या धाकट्या भावाचं नाव नवीन; तो हायवेवर कंटेनरखाली गेला. लहानपणी एक नंबरचा रिमोट कायम प्रवीणच्या हातात. दोन नंबरवाला नवीन बिचारा माईकमध्ये ओरडत बसायचा, "दादा, चालू कर ना रं!"

"आता आई रोज त्या रिमोटशी बोलते," प्रवीण मला म्हणाला. "तुजा एक गोल बटणांचा, बिनमाईकचा सेट आमच्याकडं ठेव नि आमचा घेऊन जा. बटणं ती दाबतच नाय. तिला कळायचं नाय."

"आणि कळलं तर?"

"तर निदान माज्याशी भांडंल तरी. तेवढंच बोलणं."

आम्ही दिवेलागणीच्या जरा आधी पोचलो. घरात उदबत्तीचा आणि तापलेल्या अडॅप्टरचा वास कोंडला होता. सेटमध्ये कॅसेट नव्हती, टीव्हीचा पडदा नुसता निळा. त्याच्यासमोर प्रवीणची आई, सुंदराबाई, मांडी घालून बसलेली. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. दोन नंबरचा रिमोट तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली,

"जेवलास का रं?"

खरं तर टीव्हीतून तिचाच आवाज यायला हवा होता. आधी खरखर आली. मग घसा बसलेल्या माणसासारखं कुणीतरी म्हणालं...

"नाय..."

मी उंबऱ्यातच थांबलो. प्रवीण मात्र कडवट हसला.

"ऐकलंस? मी रोज पाळी करून येतो. मला कदी विचारलंन का, जेवलास का म्हणून?"

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. जिवंत मुलाला त्या घरात दारामागच्या खुंटीइतकीही किंमत नव्हती. मला त्याची कीव आली आणि त्या बाईचा खरंच राग आला. शिवाय सेट मला हवा होताच, खोटं कशाला बोलू?

सुंदराबाई देवापाशी दिवा लावायला उठली, तेवढ्यात मी सेट बदलला. ती परत आली. रिमोट उचलला. बटणांवरून एकदा अंगठा फिरवला आणि मान वर करून सरळ प्रवीणकडे पाहिलं.

"तूच ना रं?"

प्रवीणनं मान खाली घातली.

"असू दे," ती म्हणाली. "बस हितं, माज्यापाशी."

इतका मोठा गडी, पण शाळेतून आलेल्या पोरासारखा तिला टेकून बसला. डोळे भरून आले होते त्याचे. मी सेट पिशवीत घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी प्रवीण पाळीवर आला नाही. अजूनही आलेला नाही.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी मी हा सेट उघडला. माईकची वायर तुटलेली नव्हती, पकडीनं कापलेली होती. दोन्ही टोकांवर हिरवा गंज, फार जुना. धाकट्याचं ओरडणं बंद व्हावं म्हणून लहानपणीच कुणीतरी ती कापली होती. कुणी, ते तुम्हाला सांगायला नको.

मग ते "नाय" आलं कुठून? आणि आता तिच्याकडे जो सेट होता, त्यात तर मुळात माईकच नव्हता...

मी प्रवीणला फोन लावला. सुंदराबाईनं उचलला.

"काकी, प्रवीण आहे का घरात?"

"हाय की. थांब हां, बाळा..."

फोनमधून टीव्हीची खरखर येऊ लागली. मग सुंदराबाई बोलली, अगदी मायेनं.

"प्रवीण... जेवलास का रं?"

मग त्या खरखरीतून प्रवीणचा आवाज आला. रडवेला, लांबून आल्यासारखा.

"नाय... नवीन, चालू कर ना रं... नवीन..."

पलीकडे, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी खुदकन हसलं. ती सुंदराबाई नव्हती.