गुरुवारची सुट्टी

कुलदीपने पहिला प्रश्न लोडचाच विचारला. बॅकअप कशासाठी पाहिजे ताई, टीव्ही, फ्रिज, पंखे? मी म्हटलं, माशांसाठी. तो हसला नाही हे त्याचं नशीब, कारण त्या दिवसांत मी कुणाच्याही अंगावर धावून गेले असते.

भोसरीतल्या त्याच्या इन्व्हर्टरच्या दुकानात बसून मी यादी दिली. तीन फुटी टाकी, खाऱ्या पाण्याची, दीडशे लिटर. लाटा करणारा पंप दहा वॅटचा. फिल्टर अठरा, दिवा साठ. लाइट गेल्यावर दिवा नसला तरी चालतो, फिल्टरशिवायही चार-पाच तास निभतं. पण पाणी हलायचं थांबलं की त्यात हवा मिसळत नाही आणि मासे गुदमरतात. म्हणजे खरा प्रश्न दहा वॅटचा. मी चाकणला पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. अडीचशे टनी प्रेसचा लोड काढणारी मी दहा वॅटसाठी तिसऱ्या दुकानाची पायरी चढले होते, याचं माझं मलाच हसू येत होतं.

कुलदीपचं म्हणणं सरळ होतं. सेलवर चालणारा हवेचा पंप स्वस्त, पण बटण दाबायला कुणीतरी घरी हवं. साधा इन्व्हर्टर घेतला तर पंप गुरगुरतो आणि तापतो. शुद्ध साइन वेव्हचा, लाइनसारखीच वीज देणारा घेतला, वर मोठी बॅटरी, तर दहा वॅट दोन दिवससुद्धा ओढेल. आपोआप चालू होईल, कुणी घरी असायची गरज नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले.

टाकी निरंजनची. माझा नवरा. देवगडजवळचा, समुद्राच्या काठाशी वाढलेला, आणि पोटासाठी इथे मोशीत तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलेला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने हॉलमध्ये ही टाकी मांडली. दोन नारिंगी क्लाउन, चार निळे डॅमसेल आणि वाळूत तोंड खुपसणारा एक गोबी. मी म्हणायचे, एवढा समुद्र लागतो तर मलाच तिकडे का नाही नेलंस? तो म्हणायचा, तुझ्या तोंडापुढे आमच्याकडचे लोक गाव सोडून जातील. मासे त्याच्या हाताला यायचे, बोटं टोचायचे. माझ्या हाताला कधी आले नाहीत.

आमची सुट्टी मात्र कधी एकत्र आली नाही. त्याच्या कंपनीला गुरुवार, माझ्या कंपनीला रविवार. इकडे निम्म्या घरांची हीच रड. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना शिफ्टच्या मधल्या फटीतून बघत आलो. गुरुवारी कारखाने बंद, म्हणून विजेची कामंही गुरुवारीच निघतात. दहाला गेलेली लाइट दुपारी चार-पाचला येते. त्या दिवशी तो घरी असायचा. त्याच्या आईची टपातली कोळंबी जिवंत ठेवायची रीत होती, पाणी उचलायचं आणि वरून ओतायचं. तो तेच करायचा, प्लॅस्टिकच्या जगाने, पाच-सहा तास. सोसायटीच्या माहितीपत्रकात शंभर टक्के पॉवर बॅकअप लिहिलंय, आणि जनरेटर चालतो लिफ्टपुरता आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आमच्या घरचा बॅकअप म्हणजे निरंजन.

फेब्रुवारीत नाशिक रस्त्यावर, चिंबळी फाट्याच्या अलीकडे, त्याची दुचाकी घसरली. त्यापुढचं मला लिहायचं नाही.

मी कामावर परत गेले त्या आठवड्यातला गुरुवार. दिवसभर मोबाइल लॉकरमध्ये. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर लाइट बंदचा मेसेज वाचला, दहा ते चार. मोशीच्या स्टॉपवरून धावत आले. सातच्या सात मासे मेलेले असणार, आणि त्याचं जे काही जिवंत माझ्याकडे उरलंय ते मी एका मेसेजपायी घालवलं, एवढंच डोक्यात होतं.

सातही जिवंत होते. लाइट परत आलेली होती, पंप चालू होता. टाकीखालच्या फरशीवर पाणी सांडून वाळलं होतं, मिठाचे पांढरे ठिपके पडले होते. स्टँडवर जग होता. त्याच्या तळाशी घोटभर पाणी होतं. मी बोट बुडवून चाखलं. खारट.

घराची दुसरी किल्ली समोरच्या छबूबाईंकडे असते. आमची बिल्डिंग उभी आहे ते त्यांचंच शेत. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात आणि मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी जाऊन त्यांचे हातच धरले. मावशी, तुमचे उपकार कसे फेडू, म्हटलं.

त्यांनी हात सोडवून घेतले. "म्या न्हाई आले गं. पन तुज्या घरात दिसभर पानी वतल्याचा आवाज येत व्हता. मला वाटलं, तू घरी हायेस."

मी घरी येऊन फरशी पुसली. मग पुसली म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

मी भुताखेतांतली बाई नाही. मशीन बिघडलं की आधी मोजायचं आणि मग बोलायचं, हे मी माझ्या हाताखालच्या लोकांना उठताबसता ऐकवत असते. कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा मीटर असतो. दर पाच मिनिटांचं रीडिंग स्वतःच नोंदवून ठेवतो. सही करून तो घरी आणला. रविवारी दोन तास पंप बंद करून बघितला. आकडा साडेसहावरून सव्वापाचवर आला, अगदी सरळ रेघेत. मासे कासावीस झाले तसा पंप चालू केला. म्हणजे मीटर ठीक होता आणि मीही शुद्धीत होते.

गुरुवारी तो टाकीत सोडून कामाला गेले. संध्याकाळी लॅपटॉपवर आलेख काढला. लाइट दहाला गेली. अकरापर्यंत रेघ खाली येत होती. मग वर चढली. थोडी वर, थोडी खाली, करवतीच्या दातांसारखी, कुणीतरी ओततंय, थांबतंय, पुन्हा ओततंय तशी. साडेबारा ते एक ती परत सरळ खाली आली. एकनंतर पुन्हा दात.

साडेबारा ते एक निरंजनच्या कंपनीत जेवणाची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी घरी असला तरी तो त्याच वेळेला जेवायचा, पोटाला भोंगा लावून दिलाय म्हणायचा.

जुना मोबाइल लावून शूटिंग करता आलं असतं. मी केलं नाही. त्यात रिकामा हॉल दिसला असता तर मी कुठे जायचं होतं?

असे पाच गुरुवार गेले. मी सकाळी निघताना जग धुऊन स्टँडवर ठेवायला लागले. संध्याकाळी त्यातलं पाणी बघायचं आणि फरशी तशीच ठेवायची. माहेरच्यांना वाटलं, पोरगी सावरली. कुलदीपचा मात्र दर दोन दिवसांनी फोन, ताई, करायचा ना, स्टॉक संपतोय. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. शेवटी मे लागला. पाणी तीस डिग्रीला गेलं, तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते, आणि विजेच्या दुरुस्तीचं काम आता कधी कधी आठ-आठ तासही चालणार असं कळलं. हातांनी किती वेळ ओतणार तो? आणि मुळात मी कशाच्या भरवशावर बसले होते, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मी कुलदीपला हो म्हटलं. बुधवारी संध्याकाळी त्याने साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि बॅटरी गॅलरीत बसवली, टाकीचा पंप त्यावर घेतला, मेन पाडून चालवून दाखवला. पंपाचा आवाजसुद्धा बदलला नाही.

गुरुवारी घरी आले. मासे मजेत. मीटरची रेघ सपाट. फरशी कोरडी. जगात थेंब नाही.

तो आला असेल, पंप चालू बघितला असेल, आणि आपल्याला काही काम नाही म्हणून परत गेला असेल. ते डोक्यात आलं आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्याने रडले. त्याच्या मरणाच्या दिवशी रडले नव्हते एवढी.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे अर्ज दिला, पुढच्या आठवड्यापासून माझी सुट्टी रविवारऐवजी गुरुवार करा. साहेब म्हणाले, लोक रविवारसाठी भांडतात आणि तुम्ही उलटं मागताय. मी म्हटलं, घरी माणूस असतो गुरुवारी. त्यांनी मान खाली घालून सही केली.

गुरुवारी सकाळी मी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. मीटर पाण्यात सोडला, जग स्टँडवर ठेवला आणि सोफ्यावर बसले. लाइट दहा वाजून पाच मिनिटांनी गेली. पंप थांबला. टाकीतलं पाणी काचेसारखं सपाट झालं.

अकरा वाजले. साडेअकरा. कुणी जग उचलला नाही.

आमची सुट्टी कधी एकत्र आली नव्हती. ती अशीही यायची नसेल, असं मनात आलं आणि जीव घाबरा झाला. मी मोठ्याने म्हटलं, "निरू, ये ना. मी आज घरी आहे."

बाराला मासे वर आले, तोंडं उघडी टाकून. मीटरवर तीन पूर्णांक आठ. इन्व्हर्टरचं बटण माझ्यापासून सहा पावलांवर होतं. मी काय करतेय ते मला पुरतं कळत होतं. त्याचेच मासे गळाला लावून मी त्याची वाट बघत बसले होते.

नारिंगी जोडीतली मादी कुशीवर कलली.

मी उठले. बटणाकडे नाही गेले. टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाणी घुसळायला लागले.

टाकीच्या काचेवर निरंजनने मार्करने रेघ मारलेली आहे. उन्हाने पाणी उडालं की तिथपर्यंत भरायचं. काच पुसायला मी रोज हात घालते. माझ्या हाताने पाणी त्या रेघेच्या वर अर्धा सेंटीमीटर चढतं.

ते एक सेंटीमीटर चढलं होतं.

मासे हलले. माझ्या बोटांकडे नाही आले. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, जिथे नुसतं पाणी होतं, तिथे जमले आणि टोचायला लागले.

मी हात थांबवला. पाणी फिरायचं थांबलं नाही.

मला भीती वाटली नाही. आनंद झाला. मी त्या जागी बोटं नेली. हाताला काही लागलं नाही, पण तिथलं पाणी गार होतं. मी तशीच उभी राहिले. साडेबाराला ते थांबलं, एक वाजता पुन्हा फिरायला लागलं. हात खांद्यापर्यंत बधिर झाला तरी मी काढला नाही. नऊ वर्षांत आम्ही पहिल्यांदाच गुरुवारी एकत्र होतो.

तीन चाळीसला लाइट आली. पंखा फिरला, पंप सुरू झाला.

मी हात बाहेर काढला. चढलेलं पाणी अर्धं उतरलं आणि थांबलं. मग तेही हळूहळू उतरायला लागलं आणि रेघेला येऊन टेकलं. मासे पांगले.

मी दारामागच्या बोर्डापाशी गेले आणि मेन स्विच खाली पाडला.

पंप थांबला. समोर छबूबाईंचा टीव्ही लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी दार वाजवलं.

"तनू, लाइट आली गं. तुजी बेल का वाजंना?"

"आमच्याकडे नाही आली अजून, मावशी," मी आतूनच सांगितलं.

त्यांच्या दाराची कडी लागल्यावर मी वळले. टाकी माझ्यापासून चार पावलांवर. पाणी रेघेच्या वर चढलं होतं. बघता बघता काठाला लागलं, काचेवरून ओघळलं आणि फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आलं.

एका हाताने एवढं पाणी चढत नाही.