चौथा अंक

मेच्या सुटीचा तिसरा दिवस. सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराने इब्रामपुरात दारोदार सांगितलं, की सुलोचनाबाई गेल्या. त्या दिवशी मुलं खेळली नाहीत. घरी बसून राहिली.

बाईंची हजेरी वेगळी होती. शाळेच्या भिंतीवर त्यांनी नऊ अंकी आकडा लिहिला होता. जितकी मुलं आली असतील, तितक्यांनी त्या आकड्याला भागायचं. सगळ्यांचं उत्तर सारखं आलं की हजेरी झाली. एक ते वीस, कशानेही भागा, बाकी उरत नसे. असा याहून लहान आकडा नाही, असं बाई सांगत.

सुटीत भिंतीला चुना लागला. त्याआधी मुख्याध्यापक गोकुळदास सरांनी आकडा कागदावर उतरवून घेतला. बाईंचे यजमान अनंतमामा पाथरवट. ते तो शिळेवर कोरून शाळेला देणार होते.

बाई गेल्याच्या पंधराव्या दिवशी सातजण शाळा झाडायला आले. सरांनी फळ्यावर तोच आकडा लिहून ठेवला होता: २३२९७२५६०. सवयीने मुलांनी सातने भागलं.

दोन उरले.

"तू नेहमीसारखा चुकलास," कमलाक्षी गुरुदासला म्हणाली.

"मग तुझ्या पाटीवर दोन कसे?"

साती पाट्यांवर दोनच होते.

सरांनी अंकांची बेरीज केली. छत्तीस आली. नवाने भाग जातो, म्हणजे आकडा बरोबर, असं ते म्हणाले. त्यांनी तेवढंच तपासलं होतं.

"सर, अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते," कमलाक्षी म्हणाली.

सर भिंतीकडे वळले. भिंतीवर तर चुना. मग आकडा नव्यानेच काढायचं मुलांनी ठरवलं. एक ते वीस सगळे गुणायची गरज नव्हती. सोळात दोन, चार, आठ येतात. नवात तीन येतो. सोळा, नऊ, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस एवढे गुणले की पुरे. गुरुदास दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सगळ्यांचं एकच उत्तर आलं: २३२७९२५६०.

सात आणि नऊ उलटे उतरले होते. सर म्हणाले, मामांनी आज सकाळीच कोरायला घेतलंय. दगडावरचा अंक पुसता येत नाही. गुरुदासने सायकल काढली, कमलाक्षी मागे बसली.

मामांचे तीन अंक कोरून झाले होते. चौथ्या जागी कोळशाने नऊ काढला होता. छिन्नी त्याच्यावर टेकलेली.

"मामा, थांबा! तिथे सात हवा."

मामांनी हातोडा खाली ठेवला. "मी दगड फोडणारो. माका खंय कळता? तुमी दाखवा, मी कोरतंय."

दोघांनी तिथेच फरशीच्या तुकड्यावर एकोणीसने भागून दाखवलं. शेवटी शून्य आलं तेव्हा मामांनी ओल्या फडक्याने नऊ पुसला आणि सात काढला.

सर चालत आले. चूक माझी, असं त्यांनी मामांना सांगितलं. मग मुलांकडे वळून म्हणाले, "बाईंनी तुम्हाला नीट शिकवलं."

संध्याकाळपर्यंत नऊही अंक कोरून झाले. खाली बाईंचं नाव कोरायचं होतं. ते मामांनी अजून कोरलेलं नाही.