खवल्या मांजराचं कपाट

"चोरी मी केली न्हाय, आन् राजीनाम्यावर सही बी करणार न्हाय," असं म्हणत चंद्रव्वा न विचारताच खुर्चीत बसली.

सात रस्त्याजवळच्या त्या खासगी तपासाच्या कचेरीत लोक बहुधा रडत येतात. ही बाई भांडत आली होती. कचेरी चालवणाऱ्या नाजनीन मणियारला ते फार आवडलं. तिचा सहायक, निवृत्त हवालदार जोतिराम, दचकून उभाच राहिला.

चंद्रव्वा मूळची मैंदर्गीची. सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात बावीस वर्षं शिपाई. रविवारी तिथलं पेंढा भरलेलं खवल्या मांजर चोरीला गेलं. त्याच्या खवल्यांच्या विक्रीवर बंदी, म्हणून काळ्या बाजारात भाव सोन्याचा. सोमवारी प्राचार्यांनी पन्नास पोरांसमोर हिला चोर ठरवलं. आज पाच वाजेपर्यंत राजीनामा, नाहीतर पोलीस.

"पण तुम्हालाच का धरलं?"

"मी सातवी नापास म्हणून."

"सातवी नापास होणं कुठल्या कलमात बसतं?" जोतिरामने विचारलं. असे प्रश्न त्याला वर्षातून एखादाच सुचतात.

तिघं संग्रहालयात पोचली. तिथे चार लाकडी कपाटं होती, आतलं काही न दिसणारी. दारांवर पाट्या: मासे, सरपटणारे, पक्षी, सस्तन. 'सरपटणारे' आणि 'सस्तन' यांच्या कड्या बागेतल्या पहारीने उचकटलेल्या. सापांच्या बाटल्या मात्र जागच्या जागी, एकही हललेली नाही. 'सस्तन'मध्ये एक जागा रिकामी, आणि खाली फरशीवर तपकिरी चुरा सांडलेला. जोतिराम वाकला आणि सटासट शिंकला.

"कडुलिंब आन् तंबाखूचा भुगा हाय," चंद्रव्वा म्हणाली. "शेजारीण बिड्या वळती, तिच्याकडनं आणते. कातड्याला कसर लागत न्हाय. फकस्त ह्याच कपाटात घालते. साप बाटलीत हाईत, त्यांना कशाला?"

नाजनीनने सापांच्या कपाटाच्या मोडक्या कडीवर बोट फिरवलं आणि ते जोतिरामच्या नाकाशी धरलं. तो पुन्हा शिंकला.

रविवारी चंद्रव्वाशिवाय तिघंच इमारतीत आली होती.

पहिला पहारेकरी ईरप्पा. "खवल्या मांजर? मासा असंल की! खवलं हाईत म्हंजी मासाच. मी तर सापाच्या भ्यानं त्या खोलीत कदी पाय ठेवला न्हाय."

"मलाही मासाच वाटला होता," जोतिराम पुटपुटला.

दुसऱ्या विभागप्रमुख वैजयंती मॅडम. "खरं सांगू? चंद्रव्वाचं आणि माझं पटत नाही. तोंड फार आहे तिला. पण पाट्या तीच लावते, आणि परीक्षेआधी पोरं माझ्याकडे नाही, तिच्याकडे जातात."

तिसरे शिवराज सर, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेले. "सरळ आहे हो. अडाणी माणसाला खवले म्हणजे साप-सरडा. म्हणून आधी ते कपाट फोडलं. तिथे मिळालं नाही, मग दुसरं. सस्तन म्हणजे काय, हे शिपाईबाईंना कुठून कळणार?"

पावणेपाचला सगळे प्राचार्यांच्या खोलीत जमले. बाहेर व्हरांड्यात पोरांची गर्दी उभी होती.

"सापांच्या कडीवर तंबाखूचा भुगा आहे," नाजनीन म्हणाली. "तो फक्त 'सस्तन' कपाटात असतो. ते उघडताना भुगा सांडला, पहारीला लागला आणि तिच्यासोबत सापांच्या कडीवर गेला. म्हणजे 'सस्तन' आधी फुटलं. खवल्या मांजर हाती आल्यावर चोराने सापांचं कपाट फोडलं. कशाला?"

"काही विसरला असेल," जोतिराम म्हणाला.

"एक बाटलीसुद्धा हलली नाही, जोतिरामभाऊ. त्याला फक्त अडाणी दिसायचं होतं. खवले असले तरी हा प्राणी पिलाला दूध पाजतो, म्हणून सस्तनांत बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते न कळणाऱ्या माणसाने चोरी केली, असा देखावा त्याने केला. ईरप्पाला हा मासा वाटतो. तो सरळ 'सस्तन'पाशी गेलाच नसता. वैजयंती मॅडमना ठाऊक आहे की चंद्रव्वांना सगळं येतं. त्यांनी असला देखावा कशाला केला असता? प्राणी ओळखणारा, पण चंद्रव्वांना न ओळखणारा इथे एकच आहे."

शिवराज सर ताडकन उठले. "पुरावा काय?"

"तुमच्या खोलीची किल्ली द्या. आत्ता जाऊन बघू."

त्यांनी खिसा घट्ट दाबून धरला आणि दाराकडे पाहिलं. दारात जोतिराम उभा होता. शहाणपणात तो मागे असेल, रुंदीत नव्हता. सर खाली बसले.

प्राचार्यांनी घाम पुसला. "चंद्रव्वाबाई, तुम्हाला एवढं येतं, हे आधी सांगायचं ना!"

"इचारलं कुटं तुमी? डायरेक चोर म्हणलात."

"झालं ते झालं. मी मनापासून माफी मागतो. आता हे इथेच मिटवू."

चंद्रव्वा दाराकडे निघाली. "हितं न्हाय. माझं नाव चारचौघात घालवलंत. जी पोरं मला मावशी म्हणत्यात, ती कालपासनं बगून बाजूला सरकत्यात. त्यांच्या म्होरं बोला."

"अहो, माझ्या पदाचा तरी..."

"माझं बी पद हाय, सर."

तिने दार सताड उघडलं. प्राचार्य उंबऱ्यावर आले, घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं, सर," चंद्रव्वा म्हणाली. "मागच्या पोरांना ऐकू जात न्हाय."