मनगटाला दोन वेढे

स्वराज, कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून निघालास ना? सोड आधी तो. बस इथं. निकिता, तूही बस. लाईट येईपर्यंत माझ्या शेजारच्या बहिरूचं सांगतो. ऐकीव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याच्या ओट्यावर होतो.

चौदा डिसेंबर २००१, शुक्रवार. अमावास्या होती. गोष्ट रंगवायला मी ती आणलेली नाही, कॅलेंडरातच होती.

जेवण झालं की बहिरू त्याच्या चित्र्याला, म्हणजे कुत्र्याला, मखमलाबाद-मातोरी रस्त्यानं फिरवून आणायचा. आधी हे काम त्याच्या बायकोचं, साळूबाईचं. सप्टेंबरात चित्र्या सशामागं धावला आणि ती फरफटत टेम्पोसमोर गेली. दोर सोडला असता तर वाचली असती. पण दोर मनगटाला गुंडाळलेला. बैलाचा कासरा धरायची आपली खोड, तीच कुत्र्याला. आणि "दोन वेढे घे, मंग सुटायचा नाय," हे तिला शिकवलं कुणी? बहिरूनंच.

माणूस रडला नाही. दहाव्यालाही नाही. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा.

मी सांगून पाहिलं, "बहिरू, दोर नुसता मुठीत धर. सैल. ओढलंस की ते जास्त ओढतं."

"तिनं गुंडाळला व्हता ना? मंग मी बी गुंडाळीन."

मला राग आला. हा माणूस रोज रात्री दुसरा ससा निघायची वाट बघत होता.

तर त्या रात्री सव्वानऊला निघाला. मनगटाला दोन वेढे. कडाक्याची थंडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. साळूबाई गेली त्या बाभळीपाशी चित्र्या थांबला. ओढ नाही. भुंकणं नाही. शेपूट हलवत वर बघायला लागला. बहिरूकडं नाही. त्याच्या शेजारी...

तिथं कुणी नव्हतं.

मातोरीकडून टेम्पोचे दिवे आले. तेवढ्यात रस्त्याकडच्या द्राक्षबागेतून काहीतरी आडवं पळालं. चित्र्याचे कान उभे. बहिरूनं डोळे मिटले.

आणि मनगट सैल झालं.

एक वेढा सुटला. हळू. झोपलेल्या पोराचं बटण काढावं तसा. मग दुसरा... बोटं लागली. गार.

"साळू?"

...

टेम्पो निघून गेला. बहिरूनं डोळे उघडले. हातात दोर नव्हता. चित्र्या पुढं घराच्या वाटेला लागला होता. शांत. एका चालीनं. दोर मात्र जमिनीवर लोळत नव्हता. कुणीतरी सैल धरावा तसा... अधांतरी.

"मग काय झालं, आबा?"

गप, निकिता.

उजाडताच बहिरू मला बोलवायला आला, रात्रीचं हे सगळं त्यानंच सांगितलं. चित्र्या ओट्यावर झोपलेला. दोराच्या टोकाला नवी मूठ होती. लुगड्याच्या काठाची घडी, बारीक टाक्यांनी शिवलेली. हात घालून धरायचं, गुंडाळायची गरजच नाही. घरात सुई कुठं असते तेही बहिरूला ठाऊक नव्हतं.

मी हात घालून पाहिला. मला घट्ट झाली. त्यानं घातला, बरोबर बसली. मग तो तिथंच बसून रडला, तीन महिन्यांनी.

मी ती मूठ उलटून पाहिली. शेवटच्या टाक्याचा दोरा दातानं तोडलेला होता. टोक अजून ओलं होतं.